चौघांचा क्लस्टर, तीन सह्या: डीव्हीटीने स्टेकिंग करावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही ३२ ईथर तारण ठेवून (यालाच स्टेकिंग म्हणतात) इथेरियम नेटवर्कवर मतं नोंदवणारा एक व्हॅलिडेटर एकाच मशीनवर बराच काळ चालवताय. आता तीन ओळखीचे लोक म्हणताहेत, आपण चौघं मिळून डीव्हीटी (डिस्ट्रिब्युटेड व्हॅलिडेटर टेक्नॉलॉजी) क्लस्टर करू, म्हणजे एकच व्हॅलिडेटर चौघांच्या मशीनवर मिळून चालवू. उत्पन्न वाढेल का, मुद्दल सुरक्षित राहील का, आणि चौघांपैकी एकाने दगा दिला किंवा तो गायबच झाला तर काय, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय.

उत्पन्न जवळजवळ वाढत नाही. मुद्दल कोणी पळवू शकत नाही, पण अडकवून ठेवता येतं. आणि एकजण गायब झाला तर काही बिघडत नाही. दोघं झाले तर मात्र सगळं ठप्प. माझं मत आधीच सांगून टाकतो: डीव्हीटीची किंमत सॉफ्टवेअरमध्ये नाही, चार नोड (म्हणजे चौघांची मशीनं) एकमेकांपासून किती वेगळे आहेत त्यात आहे. ते वेगळे नसतील तर हा सगळा खटाटोप नुसता शोभेचा.

भीती नक्की कशाची आहे, ते आधी बघू. इथेरियमवर प्रत्येक व्हॅलिडेटरला दर इपॉकला, म्हणजे ६.४ मिनिटांतून एकदा, मत नोंदवावं लागतं. ते हुकलं की त्या मताचं बक्षीस जातं आणि वर जवळपास तेवढाच, खरं तर त्याहून थोडा कमीच, दंड बसतो. मशीन तीन दिवस बंद पडलं तर पुढचे दोन-तीन दिवस नीट चालवून खड्डा भरून निघतो. वार्षिक परतावा ३ टक्क्यांच्या आसपास धरा, म्हणजे ३२ ईथरवर वर्षाला १ ईथरपेक्षा थोडं कमी. तुमची हजेरी ९९ टक्क्यांवरून ९९.८ वर गेली तर वर्षाकाठी पदरात पडतो एका ईथरच्या शंभराव्या भागाहून किंचित जास्त. क्लस्टरमध्ये फी किंवा वाटणी आली की तेही उरत नाही. त्यामुळे कोणी ‘डीव्हीटीने परतावा वाढतो’ असं म्हणत असेल तर त्याला हा हिशेब कागदावर मांडून दाखवायला सांगा.

बंद राहण्याला एक अपवाद आहे. संपूर्ण नेटवर्कच चार इपॉकपेक्षा जास्त काळ अंतिम निर्णयाला येऊ शकलं नाही, तर गैरहजर व्हॅलिडेटरांचा दंड दिवसागणिक वाढत जातो. ११ आणि १२ मे २०२३ ला असे दोन छोटे झटके बसले होते. जुन्या मतांवर प्रक्रिया करताना प्रिझम आणि टेकू या क्लायंटांची (मशीनला नेटवर्कशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरची) दमछाक झाली आणि अंतिमता काही काळ थांबली. ते लवकर निस्तरलं, पण एकाच क्लायंटवर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांना त्यातून चांगलीच जाग आली.

दुसरी भीती स्लॅशिंगची, म्हणजे नियम मोडल्याबद्दल शिल्लक कापून नेटवर्कमधून हकालपट्टी होण्याची. एकाच व्हॅलिडेटरच्या कीने (सही करायच्या गुप्त किल्लीने) परस्परविरोधी दोन मतं किंवा एकाच स्लॉटला (१२ सेकंदांच्या पाळीला) दोन ब्लॉक सही झाले की स्लॅशिंग होतं. मशीन बंद पडल्याने ते होत नाही. ते होतं जास्तीची काळजी घेतल्याने. मशीन बंद पडू नये म्हणून लोक तीच की दुसऱ्या मशीनवर तयार ठेवतात, पहिलं बंद पडलं असं समजून दुसरं आपोआप सुरू होतं, आणि पहिलं प्रत्यक्षात जिवंतच असतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फेब्रुवारी २०२१ मध्ये एका स्टेकिंग कंपनीचे ७५ व्हॅलिडेटर स्लॅश झाले. त्यात हॅकिंग नव्हतं, त्यांच्याच व्यवस्थेतून दुहेरी सह्या गेल्या होत्या.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण डीव्हीटीची बाजू मांडणारे ती सहसा टाळतात. ७ मे २०२५ च्या इथेरियमच्या पेक्ट्रा अपग्रेडनंतर एकट्यादुकट्या स्लॅशिंगचा सुरुवातीचा दंड फारच कमी झाला. पूर्वी ३२ ईथरमागे १ ईथर सरळ जात असे, आता शिलकीचा ४०९६ वा भाग, म्हणजे ०.००८ ईथरच्या आसपास. त्यावर बाहेर पडेपर्यंतच्या साधारण ३६ दिवसांच्या गैरहजेरीचा दंड. दुखतं, पण कंबरडं मोडत नाही. खरा घाव बसतो तो सामूहिक दंडाचा: त्याच काळात इतर जितके जास्त स्लॅश झालेले असतील तितका प्रत्येकाचा दंड वाढतो, आणि नेटवर्कच्या एक तृतीयांशावर स्लॅशिंग झालं तर सगळीच शिल्लक जाते. थोडक्यात, एकटा चुकलात तर स्वस्त, सगळ्यांबरोबर चुकलात तर महाग. म्हणून ‘मी इतरांसारखाच तर नाही ना?’ हा प्रश्न स्वतःला वारंवार विचारावा लागतो.

आता डीव्हीटी नक्की काय करतं. व्हॅलिडेटरची सही करण्याची की चार हिश्श्यांत वाटली जाते आणि सहीसाठी त्यातले कोणतेही तीन पुरतात. यामागचं गणित १९७९ पासूनचं आहे, शमीर यांच्या पद्धतीचं. एका वर्गसमीकरणाचा आलेख घ्या. शून्यापाशी त्याची जी किंमत येते ती मूळ की, आणि प्रत्येक नोडला त्या आलेखावरचा एकेक बिंदू. तीन बिंदू मिळाले की आलेख ठरतो. दोनच असतील तर शून्यापाशी कुठलीही किंमत येऊ शकते, म्हणजे दोघांनी संगनमत करूनही कीबद्दल काहीच कळत नाही. त्यातली गंमत अशी की ती की कधीच एका जागी जोडावी लागत नाही. इथेरियम वापरतं त्या बीएलएस सह्यांचं गणित रेषीय आहे, त्यामुळे प्रत्येकाने आपल्या हिश्श्याने अर्धवट सही करायची आणि त्या अर्धवट सह्या योग्य गुणकांनी जोडायच्या. हाती येते ती अगदी पूर्ण कीने केल्यासारखीच सही. नेटवर्कला ही सही चौघांनी मिळून केली की एकाने, हे कळतही नाही.

चारपैकी तीनच का, दोन का नाहीत, असं बरेच जण विचारतात. दोन पुरले असते तर चौघांचे दोन गट पडून एकाने एक मत आणि दुसऱ्याने विरुद्ध मत सही केलं असतं, आणि घरबसल्या स्लॅशिंग झालं असतं. तीनाचे कोणतेही दोन गट घ्या, त्यांत किमान दोन नोड सामाईक असतात. बिघडलेला किंवा लबाड नोड एकच असेल, तर त्या दोघांतला एक तरी सरळ असतो, आणि तो दोन्हीकडे सही करत नाही. म्हणून हे आकडे ४, ७, १०, १३ असे चालतात: चारात एक बिघडलेला चालतो, सातात दोन, दहात तीन, तेरात चार. काय सही करायचं यावर आधी नोडांचं एकमत होतं, त्यासाठी ओबोल आणि एसएसव्ही या डीव्हीटीच्या दोन्ही प्रणालींत क्यूबीएफटी नावाची पद्धत आहे, आणि मगच हिश्श्यांच्या सह्या होतात.

आता हजेरीचं गणित, कारण इथे लोक भाबडेपणाने फसतात. प्रत्येक नोड ९५ टक्के वेळ चालू आणि चौघांच्या बिघाडांचा एकमेकांशी काही संबंध नाही असं धरा. चारपैकी किमान तीन चालू असण्याची शक्यता ९८.६ टक्के येते. सातांचा क्लस्टर असेल तर ९९.६. छान. नोड ९८ टक्के चालू राहणारे असतील तर चौघांतच ९९.८ च्या जवळ पोचता. पण उलटं करून बघा: प्रत्येक नोड ६० टक्केच चालू असेल तर चौघांचा क्लस्टर चालू राहतो ४८ टक्क्यांहून कमी वेळ, म्हणजे एकट्या नोडपेक्षाही वाईट. ही सीमा ७७ टक्क्यांच्या जरा खाली पडते. त्याखालच्या हजेरीच्या लोकांना जमवून क्लस्टर केलात तर आगीतून फुफाट्यात. चार ढिसाळ माणसं मिळून एक शिस्तीचा व्हॅलिडेटर होत नाही.

आणि या सगळ्या हिशेबात ‘एकमेकांशी संबंध नाही’ ही अट आहे, तीच प्रत्यक्षात सगळ्यात आधी मोडते. चौघंही एकाच क्लाउड कंपनीच्या एकाच डेटा सेंटरमध्ये. चौघांनीही एकाच मार्गदर्शिकेवरून तीच डॉकर फाइल जशीच्या तशी उचललेली. चौघांचंही आपोआप अपडेट एकाच रात्री सुरू. एकानेच सगळ्यांचे सर्व्हर उभे करून दिलेले आणि चारही मशीनचा पासवर्ड त्याच्याच हाती. हे शेवटचं तर मी वारंवार पाहतो, कारण गटात एकजण उत्साही असतो आणि बाकीचे ‘तूच बघ’ म्हणतात. कागदावर चार नोड, पण प्रत्यक्षात एकच.

म्हणून पहिल्या बैठकीत मी एक साधा तक्ता भरायला लावतो. प्रत्येकाचं मशीन कुठे, इंटरनेट कोणाचं, एक्झिक्युशन क्लायंट (व्यवहार चालवणारा) कोणता, कन्सेन्सस क्लायंट (साखळीवर एकमत राखणारा) कोणता, व्हॅलिडेटर क्लायंट (सह्या करणारा) कोणता, अपडेट कोण आणि कधी करतं. एकाच रकान्यात एकच नाव दोनदा आलं की तिथे लाल खूण. एका रकान्यात दोघांचं साम्य म्हणजे त्या एका गोष्टीने क्लस्टर थांबू शकतो. तिघांचं साम्य म्हणजे त्या एका चुकीवर क्लस्टर चुकीची सही सुद्धा करू शकतो. लाइटहाउस, टेकू, निंबस, लोडस्टार, प्रिझम असे पुरेसे पर्याय आहेत, एक्झिक्युशनच्या बाजूला गेथ, नेदरमाइंड, बेसू, एरिगॉन. चौघांत चार वेगळ्या जोड्या सहज होतात.

पण वेगवेगळे क्लायंट ठेवले की काम झालं, असंही समजू नका. क्लस्टरमध्ये त्या त्या वेळी एक नोड प्रस्ताव मांडतो की ‘या ब्लॉकला मत देऊ’. बाकीचे नोड तो प्रस्ताव आपल्या स्वतःच्या साखळीशी किती कसून ताडून बघतात, हे सॉफ्टवेअरच्या आवृत्तीवर आणि सेटिंगवर अवलंबून असतं. स्लॅशिंग टाळणारी तपासणी प्रत्येकाकडे होतेच, पण ‘ही साखळीच चुकीची आहे’ ही तपासणी वेगळी. फेब्रुवारी २०२५ मध्ये होलेस्की टेस्टनेटवर (खऱ्या पैशांशिवायच्या चाचणी नेटवर्कवर) पेक्ट्रा सुरू होताना गेथ, नेदरमाइंड आणि बेसू या तिघांत एकच सेटिंग चुकलं आणि बहुसंख्य व्हॅलिडेटर चुकीच्या साखळीच्या मागे गेले. टेस्टनेट होतं म्हणून निभावलं. तुमच्या आवृत्तीत ही तपासणी आहे का आणि ती चालू आहे का, ते सुरू करण्याआधी बघून घ्या.

ओबोल की एसएसव्ही? ओळखीच्या चौघांसाठी मी ओबोलकडे झुकतो. त्यात चारॉन नावाचा प्रोग्राम बीकन नोड (म्हणजे कन्सेन्सस क्लायंट) आणि व्हॅलिडेटर क्लायंट यांच्या मधे बसतो, कीचा हिस्सा तुमच्या नेहमीच्या व्हॅलिडेटर क्लायंटकडेच राहतो आणि क्लस्टरची सगळी माहिती एका लॉक फाइलमध्ये असते. एसएसव्हीमध्ये ऑपरेटरांची खुली यादी असते. तुम्ही त्यातून निवडता, कीचे हिस्से त्यांच्यासाठी एन्क्रिप्ट करून साखळीवर नोंदवता आणि फी आगाऊ भरून ठेवता. ही शिल्लक संपत आली आणि तुम्ही लक्ष दिलं नाही, तर क्लस्टर बंद केला जातो आणि ऑपरेटर सही करणं थांबवतात. स्वतः मशीन चालवायचंच नसेल तर एसएसव्ही सोयीचं, पण मग त्या शिलकीवर नजर ठेवणं हेच तुमचं काम. लिडो या स्टेकिंग सेवेच्या सिंपल डीव्हीटी मॉड्यूलमध्ये दोन्ही तंत्रज्ञानं वापरली जातात, तेव्हा एक खरं आणि दुसरं खोटं असा प्रकार नाही.

तुमच्या बाबतीत जास्त नाजूक भाग म्हणजे जुना व्हॅलिडेटर. त्याची पूर्ण की अस्तित्वात आहे. ती की तुकडे करून क्लस्टरला देता येते, विशेषतः एसएसव्हीमध्ये हे सर्रास होतं. पण तुकडे केल्याने मूळ की नाहीशी होत नाही. ती जुन्या मशीनवर, बॅकअपमध्ये, एखाद्या विसरलेल्या डिस्कवर राहते आणि कधीतरी सुरू होते. सप्टेंबर २०२५ मध्ये ३९ व्हॅलिडेटर स्लॅश झाले, ते एसएसव्हीवर चालणारे होते. प्रोटोकॉल फुटला नव्हता, त्याच की क्लस्टरबाहेरही चालू झाल्या होत्या. डीव्हीटी क्लस्टरच्या आतल्या दुहेरी सहीपासून वाचवतं, बाहेर फिरणाऱ्या पूर्ण कीपुढे ते काहीच करू शकत नाही.

म्हणून माझा सल्ला: तुकडे करू नका. जुना व्हॅलिडेटर रीतसर बाहेर काढा, ईथर परत येऊ द्या आणि नव्या क्लस्टरची की डीकेजीने तयार करा. डीकेजीमध्ये चौघांची मशीनं आपापसात बोलून थेट हिस्सेच तयार करतात, पूर्ण की जन्माला येतच नाही. वेळ लागेल. बाहेर पडण्याची रांग कधी काही तासांची असते, तर २०२५ च्या सप्टेंबरात ती कित्येक आठवड्यांची होती. तेवढं उत्पन्न बुडेल, बुडू द्या. तुकडेच करायचे असतील तर जुनं मशीन बंद करून किमान तीन इपॉकची मतं हुकलेली एक्सप्लोररवर (साखळीच्या नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) डोळ्यांनी बघा, स्लॅशिंग प्रोटेक्शनची नोंद (आधी केलेल्या सह्यांची यादी) निर्यात करून ठेवा, जुन्या मशीनवरच्या की पुसून टाका, आणि मगच क्लस्टर सुरू करा. ‘बंद केलंय’ या तोंडी आश्वासनावर नाही.

डीकेजीच्या आधी चौघांनी फोनवर एकत्र यावं आणि पैसे परत येण्याचा पत्ता मोठ्याने, अक्षर न अक्षर वाचून ताडावा. हा पत्ता एकदा व्हॅलिडेटरला जोडला की बदलता येत नाही. मुद्दल जातं ते इथेच, कीच्या हिश्श्यांशी त्याचा संबंध नाही. म्हणूनच तिघांनी संगनमत केलं तरी ते तुमचं मुद्दल स्वतःकडे वळवू शकत नाहीत. ते मुद्दाम स्लॅशिंग ओढवून घेऊ शकतात, सही बंद करू शकतात आणि ब्लॉकची बक्षिसं दुसऱ्या पत्त्यावर वळवू शकतात, इतकंच. मुद्दल एकट्याचं असेल तर पत्ता तुमच्या हार्डवेअर वॉलेटचा. चौघांचं मिळून असेल तर मल्टिसिग (अनेकांच्या सह्या लागणारं वॉलेट) किंवा वाटणी करणारा करार.

आता तुमचा तिसरा प्रश्न, माणूस गायब होण्याचा. एकाची डिस्क गेली आणि बॅकअपही नाही, तर उरलेले तिघं सह्या करत राहतात, पण आता एकही चूक परवडत नाही. अशा अवस्थेत महिनोन्‌महिने चालवणारे क्लस्टर असतात, कारण बाहेरून सगळं हिरवं दिसतं. सभासद बदलणं सोपं नाही, बहुतेकदा बाहेर पडून नवा क्लस्टर करणंच बरं पडतं. दोघांचे हिस्से कायमचे गेले तर पूर्वी मोठी पंचाईत होती: बाहेर पडायलाही व्हॅलिडेटरच्या कीची सही लागायची, ती मिळायची नाही, आणि शिल्लक १६ ईथरवर घसरून नेटवर्क स्वतःच हाकलून देईपर्यंत हात चोळत बसावं लागायचं. पेक्ट्रामधल्या ईआयपी-७००२ या बदलानंतर पैसे परत येण्याच्या पत्त्यावरूनही बाहेर पडण्याची विनंती करता येते. ओळखीच्यांबरोबर क्लस्टर करायला मी आता पूर्वीइतका का-कू करत नाही, त्याचं मोठं कारण हेच. मात्र त्या पत्त्याची किल्ली कोणाकडे आहे हे यामुळे अजूनच महत्त्वाचं झालं. चौघांचा मल्टिसिग असेल आणि तेच दोघं त्याच दिवशी गायब झाले, तर? मल्टिसिगची उंबरठासंख्या (किती सह्या पुरतात तो आकडा) क्लस्टरच्या संख्येपेक्षा वेगळी ठेवा, आणि त्यातल्या एखाद-दोन किल्ल्या क्लस्टरबाहेरच्या विश्वासू माणसाकडे.

वेगाबद्दल थोडं. मत नोंदवायला १२ सेकंदांच्या स्लॉटमध्ये पुरेसा वेळ असतो, तिथे फार डोकं खपवू नका. ब्लॉक मांडायची पाळी आली की मात्र एकाच स्लॉटमध्ये दोनदा सह्या गोळा कराव्या लागतात, आणि ब्लॉक चौथ्या सेकंदाच्या आत सगळीकडे पोचायला हवा. नोड वेगवेगळ्या खंडांत असतील तर प्रत्येक फेरीला काही शे मिलिसेकंद जातात. तुमची पाळी वर्षातून दोन-तीनदाच येते, पण उत्पन्नातला चांगला वाटा त्यातच असतो. त्यामुळे नोड वेगळ्या जागी, पण एकाच खंडात ठेवा. घड्याळं जुळलेली आहेत का तेही बघा. मतं उशिरा पडण्याचं मूळ तिथे सापडलं की लोकांना विश्वासच बसत नाही.

तुम्ही काय करावं? एकट्याने चालवताय, हजेरी ९९ टक्क्यांच्या वर आहे आणि की एकाच ठिकाणी आहे, तर तुम्हाला डीव्हीटीची निकड नाही. आठवडाभर बाहेर जायचं असेल तर खुशाल बंद ठेवून जा, हिशेब वर दिलाच आहे. पण तुम्ही चार-पाच व्हॅलिडेटरांकडे जाणार असाल, चौघांनी मिळून पैसे घालायचे असतील किंवा आजारपणात दुसरं कोणी हात लावू शकत नाही हे मनाला खात असेल, तर क्लस्टर नक्की करा. आधी हूडी टेस्टनेटवर काही आठवडे चालवा. तिथे एकाने न सांगता नोड बंद करायचा आणि बाकीच्यांना ते किती वेळात कळतं ते बघायचं. मग दुसरा नोड बंद करा. आता सह्या थांबायलाच हव्यात. थांबल्या नाहीत तर कुणाच्या तरी मशीनवर दुसऱ्याचाही हिस्सा चालू आहे किंवा उंबरठाच चुकीचा लावलाय. तो घोळ सापडेपर्यंत खऱ्या ईथरला हात लावू नका.